पांडेवाड्याची जागा : प्रकल्प नोंदी

25 नोव्हेंबर 2024, सोमवार

निवडणुकीची गडबड संपली, आजपासून काम सुरू. जागा आमच्या गावठाणाच्या मधोमध, मारुतीच्या पाराच्या मागे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये (घरपट्टीच्या नोंदवहीत) ‘पडीत घर व खुली जागा’ एवढंच लिहिलेलं. प्रत्यक्षात उत्तरेची अर्धी भिंत उभी आहे, बाकी मातीचे ढीग, तरोटा, बोरी आणि मधोमध एक कडूनिंब. गावाच्या तोंडी नाव पांडेवाडा, पण पांडे घराण्यातलं माणूस तिथं राहिलेलं आज हयात असलेल्या कोणीही पाहिलेलं नाही.

आजचे मालक तीन भाऊबंद. एक नागपूरला, दोन पुण्याला. तिघांनीही जागा अभ्यासिकेसाठी ग्रामपंचायतीला द्यायचं कबूल केलं आहे. मार्चमध्ये जेसीबी लागेल. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची पोरं सध्या समाजमंदिराच्या ओट्यावर मोबाइलच्या उजेडात वाचतात, त्यामुळे अभ्यासिका व्हायलाच हवी.

अडचण वेगळीच आहे. मागच्या ग्रामसभेत चार-पाच घरांनी उघड सांगितलं, “त्या जागेले लागत नाही, पोरं तथी नोका धाडू.” गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. वाड्यातला सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) मेला, मालकानं त्याच्या बायकोला लेकरांसकट बाहेर काढलं, तिनं दारात माती उधळून तळतळाट दिला, पंधरा दिवसांत वाड्यातली तरणी माणसं गेली आणि वाडा ओस पडला. आजीपासून नातवापर्यंत ही गोष्ट अशीच चालत आली. कोण मालक, कोणतं साल, बाईचं नाव काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

सरांचं (जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक) आणि माझं ठरलं की जेसीबी लागण्याआधी या जागेवर कोण कोण राहिलं ते कागदावर आणायचं. सोबत कॉलेजची दोन पोरं. त्यातल्या मुलीनं यवतमाळला मोडी लिपीचा वर्ग केला आहे.

2 डिसेंबर, सोमवार

मोजमाप. तरोटा कापून घेतल्यावर खालचे तळखडे दिसू लागले. खांब सगळे गेले, पण ज्या दगडांवर ते उभे होते ते जागच्या जागी आहेत. दोरी लावली तर दोन तळखड्यांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी सारखं भरतं. त्यामुळे खण मोजता आले आणि घर डोळ्यांपुढे उभं राहिलं: पूर्वेला रस्त्याकडे ढेलज (दर्शनी दारातली पडवी), आत चौक, चौकाच्या तिन्ही अंगांनी ओसरी, पश्चिमेला माजघर, त्याला लागून सैपाकघर. मागे सांदवाडी आणि तिच्या कडेला गुरांचा कोठा.

सैपाकघर कुठलं ते उखळानं सांगितलं. जमिनीत पक्कं बसवलेलं काळ्या दगडाचं उखळ, काठ एका बाजूनं जास्त झिजलेला. सरांच्या आईनं पाहताक्षणी सांगितलं की कांडणारी बाई भिंतीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभी राहत असणार, म्हणून झीज त्या बाजूला. त्या दिशेला खरंच दाराचा उंबरठा निघाला.

कोठ्याला लागून आणखी एक खोली आहे. लांबी जेमतेम दोन खण, पाया दगडाचा नाही, नुसत्या मातीचा. चूल आत होती, भिंतीचा तो कोपरा अजून काळा आहे. गुरांच्या भिंतीपलीकडे चूल पेटवून राहणारं कुटुंब मालकाचं नव्हे, हे उघड आहे. नकाशात तिला ‘सालदाराची खोली’ असं नाव दिलं.

ढेलजेवर एक लोखंडी गर्डर पडलेला आहे. गंज खरवडल्यावर इंग्रजी अक्षरं लागली: डॉर्मन लाँग. हा इंग्लंडमधल्या मिडल्सबरोचा कारखाना. बाकीचं घर सागवान आणि पांढऱ्या मातीचं, आणि पुढचा दर्शनी भाग विलायती लोखंडाचा. म्हणजे मागचं घर आधीचं आणि पुढची बांधणी नंतरची, हातात पैसा खेळत असतानाची.

8 डिसेंबर, रविवार

गावातल्या सगळ्यात वयस्क आजींकडे बसलो. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा वाड्यात कापूस भरलेला असे.

“तथी कापसाची गंजी लागे मायं, पार पाटणापर्यंत. आमाले ढेलजीच्या आत पाय ठेवाले मनाई होती.”

लोक राहत होते का, असं विचारलं. “रायत नोते. शेठ दिवसभर बसे, दिवाबत्तीच्या आंधी निघून जाय. माही सासू सांगे, रातच्याले तथी कोनी थांबत नाही.”

तळतळाटाची गोष्ट त्यांनाही सासूकडूनच मिळालेली. एक गोष्ट मात्र त्यांनी नवीन सांगितली. ती बाई ज्या घराण्यातली, ते घराणं गावातच आहे, आणि त्यांच्या पोरींची लग्नं जमवताना दोनदा हा विषय निघाला होता. हे ऐकल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आणि आजच्या पोरींच्या सोयरिकीत तिची आडकाठी.

12 डिसेंबर, गुरुवार

नागपूरच्या भावानं घरातल्या जुन्या कागदांचे फोटो पाठवले. बहुतेक पावत्या, पण दोन कागद मोडीतले. मुलीनं तीन रात्री बसून वाचले.

पहिला गहाणखताचा. ‘शके 1821 विकारी नाम संवत्सरे’, महिना फाल्गुन. म्हणजे मार्च 1900. गहाण ठेवणारा परगण्याच्या देशपांडे घराण्यातला, घेणारा कापसाचा व्यापारी, आजच्या मालकांचा पूर्वज. गहाणात ‘राहते घर, वाडा, कोठा, पेव दोन, चिंचेचे झाड एक’. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार.

तारखेनंच सगळं सांगितलं. 1899 चा पाऊस साफ गेला होता. आपल्याकडे म्हातारी माणसं अजून ज्याला ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणतात तो हाच, विक्रम संवत 1956. कापूस आला नाही, ज्वारी नाही, जनावरांना कडबा नाही; माणसं खडी फोडायच्या सरकारी कामावर गेली. 1891 साली वऱ्हाडात 29 लाखांच्या जवळपास माणसं होती, 1901 च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखच भरली. आपलं गाव तेव्हा वणी जिल्ह्यात. जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं ते 1905 मध्ये. 1853 पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात, पण कागदोपत्री निजामाचं. 1902 च्या करारानं ते कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे गेलं आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं.

दुसरा कागद चार वर्षांनंतरचा, खरेदीखत. देशपांड्यांना गहाण सोडवता आलं नाही. ते घराणं दारव्ह्याला गेलं असं कागदाच्या शेवटी कळतं, कारण सहीखाली राहण्याचं ठिकाण बदललेलं आहे.

व्यापाऱ्याचा गावात जम कसा बसला तेही जुळतं. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे, आपली शकुंतला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सुरू झाली. ती दारव्ह्यावरून जाई. सरकी काढलेल्या रुईच्या गाठी त्या रुळांवरून मूर्तिजापूरला आणि पुढे मोठ्या लाइनीनं मुंबईला. खेड्यात बसून कापूस घेणाऱ्याला दारव्ह्यापर्यंत बैलगाडी पुरे झाली. पुढची ढेलज आणि गर्डर या पैशातून आले असावेत.

17 डिसेंबर, मंगळवार

भूमी अभिलेख कार्यालय. ड्रोन मोजणीनंतरची मिळकत पत्रिका मिळाली, हद्द आणि क्षेत्र आमच्या मोजमापाशी जुळतं. जुनं काही नाही.

26 डिसेंबर, गुरुवार

तहसीलचा अभिलेख कक्ष. कोतवाल बुकाची नक्कल मागण्यासाठी अर्ज आधीच दिला होता. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून ही बुकं बरीच हाताळली गेली आहेत, त्यामुळे बस्ते सापडायला वेळ लागला नाही.

ज्यांनी हे बुक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: गावात जन्मलं-मेलं की कोतवालानं ते सांगायचं, पटवाऱ्यानं किंवा पाटलानं लिहायचं, आणि ती नोंद ठाण्यात पोचायची. तारीख, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, स्त्री-पुरुष, वय, मरणाचं कारण. आज लोक जातीच्या दाखल्यासाठी हे बुक शोधतात. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याचा गावातल्या सरकारी कागदावरचा एकमेव ठसा बहुतेकदा इथंच असतो.

आम्ही 1900 पासून पुढे पाहत आलो. मरणाचं कारण बहुतेक वेळा ताप, पटकी, देवी, जुलाब. एका महिन्याला अर्धं पानही भरत नाही. मग 1918 चा ऑक्टोबर आला. पान भरलं, उलटलं, तेही भरलं, पुढचंही. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘ताप’, ‘ताप’, मग नुसते ठिपके. मध्येच अक्षर बदलतं. नेहमीचं वळणदार अक्षर जाऊन दोन आठवडे कोणाचं तरी मोठं, अवघडलेलं अक्षर येतं, नंतर पुन्हा जुनं. पटवारी स्वतः अंथरुणाला खिळला असावा.

ही मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. जून 1918 मध्ये मुंबईत पहिली लाट आली, ती सौम्य. सप्टेंबरपासून दुसरी, आणि ती रेल्वेच्या रुळांनी आतल्या मुलखात पसरली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड देशातल्या सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागांत होते. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला, धान्य महाग. मरणाऱ्यांत म्हातारेकोतारे कमी, वीस ते चाळिशीतली धडधाकट माणसं जास्त, आणि त्यातही गरोदर आणि बाळंत बायका. देशाची लोकसंख्या 1911 पेक्षा 1921 मध्ये कमी भरली, एवढा तो घाला होता. तापाच्या रकान्यात सगळंच जात असल्यामुळे ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्द आमच्या बुकात एकदाही नाही.

शेऱ्याच्या रकान्यात काही नोंदींपुढे ‘मु. वाडा’ असं आहे. गावात वाडा एकच. त्या नोंदी तारखेनं लावल्या:

पहिला सालदाराचा मुलगा, वय 3. दोन दिवसांनी सालदार स्वतः. त्याच दिवशी शेठच्या, म्हणजे वाडा घेणाऱ्या कापूस व्यापाऱ्याच्या, धाकट्या मुलाची बायको, आणि तिच्याखालच्याच ओळीत ‘उपजत मूल’. मग शेठचे दोन मुलगे, चार दिवसांच्या अंतरानं. आणि सगळ्यात शेवटी सालदाराची बायको, वय 25, ताप, मु. वाडा.

मी ही ओळ सरांना मोठ्यानं वाचून दाखवली. ज्या बाईला वाड्याबाहेर काढलं म्हणतात, जिनं माती उधळली म्हणतात, ती वाड्यातच मेली. मालकाच्या मुलांनंतर थोड्याच दिवसांनी, त्याच तापानं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “नक्कल प्रमाणित करून घ्या. आत्ताच.” घेतली.

कुटुंब आंध जमातीचं. नावं मुद्दाम इथं लिहीत नाही. वंशज गावात आहेत, आधी त्यांना विचारायचं.

5 जानेवारी 2025, रविवार

एक शंका होती: फक्त वाड्यात जास्त माणसं गेली का? तसं असतं तर गोष्टीला थोडा आधार राहिला असता. म्हणून त्या दोन महिन्यांच्या सगळ्या नोंदी आडनावांवरून आणि जातीवरून गल्लीवार लावल्या. एकही गल्ली सुटलेली नाही. माळीपुरा, महारवाडा (आजचं भीमनगर), तेल्यांची आळी, पाटलांची घरं, तांडा. काही घरांत वाड्यापेक्षा जास्त. आज जे कुटुंब ‘पोरं तथी नोका धाडू’ म्हणत होतं, त्यांच्या स्वतःच्या पणजोबांच्या घरातल्या चार नोंदी त्याच पानांवर आहेत. त्यांची जागा कोणी अपशकुनी म्हटली नाही, कारण ती माणसं मागे राहिली आणि राहत गेली. वाड्यातलं उरलेलं कुटुंब कारंज्याला नातेवाइकांकडे निघून गेलं आणि घर रिकामं राहिलं. रिकाम्या घराला गोष्टी चिकटतात.

14 जानेवारी, मंगळवार

गहाणखतात दोन पेवं होती. एक आज सापडलं, माजघराच्या कोपऱ्यात, घडीव दगडाच्या झाकणाखाली. गुप्तधनाची कुजबूज लगेच सुरू झाली, म्हणून सरपंचांना आणि पोलीस पाटलांना बोलावूनच झाकण उचललं.

पेवात लगेच उतरायचं नसतं. बंद पेवात जड, कुबट हवा साठते. आपल्याच भागात माणसं त्यात गुदमरून गेली आहेत. म्हणून तोंड उघडं ठेवून आधी दोरीनं पेटता कंदील सोडला. पहिल्यांदा ज्योत विझली. झाकण काढून ठेवलं, वर जाळी टाकली.

18 जानेवारी, शनिवार

आज कंदील तळापर्यंत जळता राहिला. कमरेला दोर बांधून एक पोरगा उतरला, वर तिघांनी दोर धरला. आकार जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणासारखा: तोंड एवढं अरुंद की माणूस खांदे आवळून जाईल, आणि पोट ऐसपैस. भिंतीला मातीचा गिलावा, त्यात कडब्याच्या काड्यांचे ठसे जसेच्या तसे. तळाशी कडब्याचा काळा थर, त्यात ज्वारीच्या तुसाचा चुरा. हातात घेतला तर अजून आंबूस वास येतो. सोनंनाणं काही नाही. पंचनामा लिहून घेतला, सगळ्यांच्या सह्या.

माझ्या दृष्टीनं ते तूसच मोलाचं. याच पेवातून सालदाराला महिन्याची ज्वारी मापून मिळत असणार. साल गुढीपाडव्याला ठरायचं आणि वर्षभराच्या कामाचा मोबदला बहुतांशी धान्यातच असे. मालक आणि गडी एकाच पेवातलं खात होते, फक्त एकाचं नाव कागदावर आणि दुसऱ्याचं नाही.

23 जानेवारी, गुरुवार

शाळेचं प्रकरण. 1948 च्या कायद्यानं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जनपद सभा (स्थानिक स्वराज्य संस्था) आल्या, आणि आमच्या जनपद सभेची प्राथमिक शाळा सुरुवातीची काही वर्षं याच वाड्याच्या ओसरीवर भरे. शेठच्या नातवानं बिनभाड्यानं दिली होती. तिथं तिसरी शिकलेले एक बाबा भेटले. अर्ध्या ओसरीत पोरं, अर्ध्या ओसरीत कापूस. दुपारी मास्तर पोरांना सरक्या वेचायला लावत नसत, पण पोरं आपणहून वेचत आणि खिशात भरून नेत. ज्या जागेवर पोरं नकोत म्हणतात तिथंच गावाची पहिली पिढी अक्षरं गिरवून गेली आणि सुखरूप म्हातारी झाली. बाबांना हेच ग्रामसभेत सांगाल का म्हणून विचारलं. “सांगतो नं. काहाले नाही सांगत?”

पुढे 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, शाळा स्वतःच्या इमारतीत गेली. 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू झाल्यावर खेड्यातल्या खासगी खरेदीला जागाच उरली नाही. शेठच्या घराण्याचं गावातलं काम संपलं, पुढच्या पिढीनं सागवान विकलं. एक तुळई गावातच एका घराच्या दारावर आहे. तिच्या टोकाला सुतारानं जोडासाठी छिन्नीनं मारलेल्या तीन रेघा स्पष्ट दिसतात.

26 जानेवारी, रविवार

ग्रामसभा. आधी बाबा बोलले. मग सरांनी कोतवाल बुकाच्या त्या पानांतल्या नोंदी, नावं गाळून, फक्त तारीख, वय आणि कारण अशा वाचून दाखवल्या. वाड्याच्याच नव्हे, सगळ्या गावाच्या. वाचायला बराच वेळ लागला आणि कोणी उठून गेलं नाही. नंतर दोन म्हाताऱ्या बायांनी आपल्या घरात मानमोडीत गेलेल्यांच्या आठवणी सांगितल्या, त्यांना त्या आजीकडून आलेल्या. वाड्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

अभ्यासिकेचा ठराव मंजूर. विरोध एकानेही नोंदवला नाही.

9 फेब्रुवारी, रविवार

आंध कुटुंबाकडे गेलो. आधी निरोप देऊन, सरांना आणि आजींना सोबत घेऊन. घरातले कर्ते दादा सत्तरीचे, त्या बाईच्या वाचलेल्या मुलाचे नातू. तो मुलगा तेव्हा मामाच्या गावी होता म्हणून वाचला, आणि मोठा होऊन इथंच कामाला आला. हे त्यांनीच सांगितलं.

नक्कल त्यांच्या हातात दिली. मुलीनं ओळ वाचून दाखवली. दादांनी विचारलं, “कोनती तारीख?” तिनं सांगितली. त्यांनी पुन्हा विचारलं, “म्हंजे मालकाच्या पोराच्या बादची?” “हो, बादची.”

“आमी कधी कोनाले काही बोललो नाही,” ते म्हणाले. “माह्या बहिनीची सोयरीक मोडली तवाबी नाही.”

बुकात तिचं नाव नाही, ‘अमक्याची बायको’ एवढंच आहे. पण घरात नाव आहे. दर अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर भरताना घेतात, पिढ्यान्‌पिढ्या. सालदाराचं, लेकराचं आणि तिचं. त्यांनी तीनही नावं आम्हाला सांगितली आणि अभ्यासिकेपाशी लावायच्या माहितीच्या फळ्यावर लिहायला हरकत नाही म्हणाले, पण भावकीत विचारून. आम्ही थांबायला तयार आहोत.

21 फेब्रुवारी, शुक्रवार

आर्किटेक्टसोबत जागेवर. पेव अभ्यासिकेच्या मधोमध येत होतं, म्हणून पाया चार फूट पूर्वेला सरकवायचं ठरलं. पेवावर जाड काच नको, लोखंडी जाळी आणि वर दगडी झाकण. हवा खेळती राहील. उखळ जागेवरच राहील, तिथं आता पोर्च येतो. सालदाराच्या खोलीचा पाया मातीचा असल्यामुळे टिकणार नाही. तिच्या चार कोपऱ्यांवर फरशीत वेगळ्या रंगाच्या लाद्या बसवायच्या, म्हणजे खोली केवढी होती ते उभं राहून कळेल. नागपूरच्या भावानं हा खर्च आपण देतो म्हणून कळवलं.

फळ्याचा मजकूर सरांनी आणि मी लिहिला. त्यात राहणारे क्रमानं येतात: देशपांडे घराणं, शेठचं घराणं, सालदार कुटुंब, जनपद सभेच्या शाळेची मुलं. शेठच्या घराण्यातल्या 1918 च्या मृतांची नावं द्यायला मालकांनी लेखी संमती दिली. देशपांड्यांच्या आजच्या पिढीचा पत्ता लागलेला नाही, म्हणून त्यांच्याबाबत फक्त कागदावरचा मजकूर. त्याखाली गावातल्या मानमोडीच्या सगळ्या मृतांची संख्या, बुकात मोजली तशी.

भावकीतल्या दोन घरांचा होकार बाकी आहे. दादा रविवारी त्यांच्याकडे जाणार आहेत. तोपर्यंत फळा पेंटरकडे द्यायचा नाही.

कोतवाल बुकाच्या नकलांचा एक संच ग्रामपंचायतीच्या कपाटात, एक शाळेत, एक दादांच्या घरी दिला. 1918 च्या पानांची गल्लीवार यादी मुलगी टाइप करते आहे. ज्या घराला आपली नोंद हवी त्यानं ग्रामपंचायतीत विचारावं, नक्कल मिळेल.